कापडाची चांदणी : दिवाळीची भेट आणि माझी एक चूक



पहिल्या सत्राची परीक्षा संपली, पेपर तपासून झाले, की दिवाळीच्या सुट्टीआधीचे पाच-सहा दिवस शाळेत वेगळेच असतात. मुलांचं मन वर्गात नसतं. खरं सांगायचं तर आपलंही नसतं. अशा दिवसांत कार्यानुभवाचा एखादा मोठा उपक्रम घ्यावा, असा माझा दरवर्षीचा बेत असतो. आकाशकंदील झाले, पणत्या रंगवून झाल्या, शुभेच्छापत्रं तर दरवर्षीच होतात. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की या वेळी कापडाच्या घड्या घालून टांगायच्या चांदण्या करायच्या आणि प्रत्येक मुलानं ती दिवाळीत कुणाला तरी भेट द्यायची.

तो उपक्रम कसा केला, ते लिहितोच. पण त्यात माझी जी चूक झाली, ती आधी लिहायला हवी. कारण तीच चूक आपण बरेच जण दरवर्षी करतो आणि आपल्याला ती कळतही नाही.

चांदणी सापडली कशी

ही कल्पना माझी नाही. युट्यूबवर बघितली. इंग्लंड-अमेरिकेत गोधडीकाम करणाऱ्या बायका चौकोनी कापडाच्या त्रिकोणी घड्या घालतात, त्या गोलात एकाखाली एक बसवतात आणि त्याची चांदणी तयार होते. नाताळात त्या ती झाडाला टांगतात, एकमेकींना भेट देतात. बघताना वाटलं, हे तर आपल्याकडचंच आहे! आपल्याकडे ओटी भरताना खण देतात, त्याची घडी त्रिकोणीच असते. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर चौकोनी तुकड्यांच्या अशाच घड्या घालून 'फुलं' बसवलेली असतात. म्हणजे कापडाचा चौकोन दुमडून त्रिकोण करायचा, ही गोष्ट बायकांच्या हातात सगळीकडेच आहे. माझ्याच हातात नव्हती.

मी सुई हातात धरली होती ती शर्टाचं बटण लावण्यापुरती. म्हणून आधी घरी दोन रात्री बसून एक चांदणी केली. पहिली इतकी वाकडी झाली की आमची पाच वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, हे कासव आहे का?" दुसरी जमली. तिसऱ्या दिवशी ती घेऊन वर्गात गेलो.

वर्ग चौथीचा, पट तेवीस. चांदणी बघून मुली खूश झाल्या. मुलांच्या बाजूने मात्र आवाज आला, "सर, शिवण म्हणजे पोरींचं काम!" मी विचारलं, "तुमच्या चड्ड्या कोण शिवतं?" "टेलर." "टेलर पोरगी आहे का?" वर्ग हसला आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

मग फळ्यावर साहित्याची यादी लिहिली. सुई-दोरा, कात्री, फेव्हिकॉल, पुठ्ठा हे सगळं शाळेकडून. आणि शेवटची ओळ लिहिली : घरातले जुने, टाकाऊ कापड आणा.

हीच ती ओळ.

ती साडी

दुसऱ्या दिवशी मुलं पिशव्या भरभरून कापड घेऊन आली. कुणी फाटका परकर, कुणी वडिलांचा विटलेला शर्ट, कुणी उशीचा अभ्रा. एका मुलीने मात्र घट्ट घडी केलेला जांभळ्या रंगाचा एकच पट्टा आणला होता. वीतभर रुंद आणि चांगला हातभरापेक्षा लांब. कापड अगदी चांगल्या स्थितीतलं. मी विचारलं, "हे आईनं दिलं का गं?" तिने मान हलवली. ती मान होकारार्थी होती की नकारार्थी, हे मी बघितलंच नाही. तेवीस मुलं, तेवीस पिशव्या, हातात दहा सुया. पुढे गेलो.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई शाळेत आली. हातात पिशवी. ती व्हरांड्यातच खाली बसली, पिशवीतून साडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. साडीचं आतलं टोक, जे कमरेला खोचलं जातं, ते वीतभर सरळ कापलेलं होतं. कापलेल्या कडेचे धागे सुटत होते.

"सर, ही टाकायची साडी होती का ओ?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

मी काहीतरी बोलायला लागलो. मुलांना जुनं कापड आणायला सांगितलं होतं, चांगलं नव्हतं सांगितलं वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी म्हनले जुनं आना. आमच्याकडं जुनं नसतंय सर. एक अंगावर असतंय अन् एक वाळत असतंय."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं.

आमचा भाग बीड जिल्ह्यातला, ऊसतोडीचा. दिवाळी झाली की, काही टोळ्या तर दिवाळीच्या आधीच, कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने उसाच्या फडात. लहान लेकरं बरोबर जातात नाहीतर आजी-आजोबांजवळ राहतात. शाळेच्या हजेरीवर दिवाळीनंतर हे सगळं दिसतंच. मला हे माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी हंगामी वसतिगृहाच्या याद्या मीच करतो. पण यादी करणारा मी आणि फळ्यावर 'टाकाऊ कापड आणा' असं लिहिणारा मी, हे दोघं एकमेकांना भेटलेच नव्हते.

त्या घरात साडी कशी वापरली जाते ते मला नंतर नीट कळलं. आधी ती नेसायची. मध्ये विरली की विरलेला भाग काढून, दोन तुकडे जोडून दंड घालायचा आणि पुन्हा नेसायची. तेही संपलं की गोधडीला. गोधडी फाटली की लेकराच्या खाली. मग चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं. आणि सगळ्यात शेवटी वात किंवा पोतेरं. 'टाकाऊ' म्हणून बाजूला काढावं असं त्यात काही नाहीच.

डीएडला असताना आम्ही 'टाकाऊपासून टिकाऊ' या विषयाची फाईल केली होती. आठवून आता हसू येतं. त्या वस्तू बनवायला आम्ही बाजारातून नवे आईस्क्रीमचे चमचे, नवे स्ट्रॉ आणि रंगीत कागद विकत आणायचो. गुण चांगले मिळाले. पण टाकाऊ म्हणजे कुणाच्या घरातलं टाकाऊ, हा प्रश्न त्या फाईलमध्ये कुठेच नव्हता.

दोन चांदण्या

मी खिशाकडे हात नेला. साडीचे पैसे देतो म्हणालो. तिथे दुसरी चूक झाली असती. ती लगेच म्हणाली, "पैशाचं नाही म्हनत मी. एक निरी कमी पडंल, पडू द्या. पन पोरीनं इचारलं का नाही, ते सांगा."

पोरगी दाराच्या आड उभी होती. मी तिला जवळ बोलावलं. ती खाली बघत होती. बराच वेळ काही बोललीच नाही. मग पुटपुटली, "दोन करायच्या होत्या. एक आईसाठी, तिकडं न्यायला. एक मला." थोडं थांबून म्हणाली, "आईच्याच साडीच्या पाहिजे होत्या."

आणि मग तिने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, "आतलंच टोक कापलं, सर. ते खोचल्यावर दिसत नाही."

म्हणजे नऊ वर्षांच्या त्या मुलीने विचार केला होता. पदर कापला नाही, काठ कापला नाही. जिथे कमीत कमी दिसेल तिथे कात्री लावली होती. चोवीस चौकोन लागणार हे तिने मोजलं होतं, एका चांदणीला बारा आणि दोन चांदण्यांना चोवीस. गणिताच्या तासाला हीच मुलगी फळ्यावर यायला घाबरते.

आई काही बोलली नाही. साडीची घडी घालून पिशवीत ठेवली. उठेल असं वाटलं, पण उठली नाही. तिची नजर बाकावर ठेवलेल्या पोरीच्या घड्यांवर गेली. त्या सगळ्या सुटून फुलल्या होत्या. साडी सिंथेटिक होती, तिच्यात घडी बसतच नव्हती. मी दोन दिवस तिला "नीट दाब, नखानं दाब" असंच सांगत होतो. आई म्हणाली, "सर, ह्याला दाबून काय व्हनार? ह्याला टाका पायजे." आणि सुई मागितली.

तिने घडी घातली, तळाला दोन धावते टाके घातले, दोरा तोडला. घडी जागची हलली नाही. पुढची घातली. मग पोरीच्या हातात सुई दिली आणि म्हणाली, "आता तू." मधली सुट्टी संपली, घंटा झाली, बाकीची मुलं आत आली आणि भोवती उभी राहिली. त्या दिवशी परिपाठापासून कधी इतकी शांतता नव्हती ती त्या वेळी होती. मीही बघत होतो. शिकत होतो म्हणा ना.

जाताना ती म्हणाली, "साडी मी दुमडून घेते घरी. तिला मारू नका." मी म्हणालो, "ताई, चूक माझी आहे." ती त्यावर काही बोलली नाही.

मग काय बदललं

त्याच संध्याकाळी बाजाराच्या गावी गेलो. तिथल्या टेलरकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीनखालची कात्रणाची गोणी पुढे सरकवली आणि म्हणाले, "घेऊन जा सर, आम्हाला ती फेकायला जागा नाही." ब्लाऊजच्या अस्तराचे सुती तुकडे, शर्टाच्या कडा, गणवेशाचे निळे तुकडे. घडी धरणारं सुती कापड हवं होतं, तेच निघालं. टाकाऊ खरं असेल तर ते इथे होतं. पैसे शून्य.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी घरून आणलेलं कापड मी पिशवीसह परत दिलं आणि सांगितलं, "घरी आईला विचारा, लागत असेल तर ठेवा." तेवीसपैकी सतरा पिशव्या घरीच राहिल्या. यावरून काय ते समजा.

जांभळा पट्टा मात्र त्या मुलीकडेच ठेवला. आईनेच निरोप पाठवला होता, "कापलं ते कापलं, आता चांगलं कर म्हनावं."

साहित्य (एका चांदणीसाठी)

* ६ सेमी × ६ सेमी मापाचे १२ चौकोन. ४ एका रंगाचे, ८ दुसऱ्या रंगाचे. कापड सुती असावं.
* जाडसर कापडाचा १० सेमी व्यासाचा एक गोल (पायासाठी). डब्याचं झाकण ठेवून आखता येतो.
* त्याच मापाचा पुठ्ठ्याचा गोल आणि मागच्या बाजूसाठी कापडाचा गोल.
* कडेला लावायला ३ सेमी रुंद, ३३ सेमी लांब पट्टी. ही तिरक्या कापाची घ्यावी, म्हणजे गोलावर वळते. सरळ कापलेल्या पट्टीला चुण्या पडतात. हे मला टेलरकाकांनी सांगितलं.
* मोठ्या नेढ्याची सुई, दोरा, फेव्हिकॉल.

थर्माकोलचे गोळे आणि टाचण्या वापरूनही असं करतात. पण आपल्या राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि चौथीच्या मुलांच्या हातात पन्नास टाचण्या देणं मला योग्य वाटलं नाही.

कृती

१. चौकोन मधोमध दुमडा. आता ६ सेमी लांब, ३ सेमी उंच आयत मिळेल. दुमडलेली कड वर ठेवा.

२. वरचे दोन्ही कोपरे खालच्या कडेच्या मध्यावर आणा. त्रिकोण तयार. तळाला दोन धावते टाके घाला. असे १२ त्रिकोण करा.

३. पायाचा गोल तीनदा निम्मा दुमडा आणि उघडा. मध्यापासून निघणाऱ्या ८ रेषा दिसतील. त्या पेन्सिलने आखा.

४. एका रंगाचे ४ त्रिकोण एकाआड एक रेषेवर ठेवा. चारही टोकं मध्यबिंदूत मिळाली पाहिजेत. घडीची फट वर असावी. टोकाला एक बारीक टाका, तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक टाका.

५. आठही रेषांवर मध्यापासून दीड सेमी अंतरावर खूण करा. दुसऱ्या रंगाच्या ८ त्रिकोणांची टोकं त्या खुणांवर ठेवून तसेच टाके घाला.

६. गोलाबाहेर आलेले कोपरे कापा. मागे पुठ्ठा आणि मागचं कापड चिकटवा. कडेला पट्टी चिकटवा. वर दोऱ्याचा फास घाला.

सुया देताना मोजून द्या, घेताना मोजून घ्या. मी दहा सुया साबणाच्या वडीत टोचून ठेवल्या होत्या. वडीवर दहा सुया दिसल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही, हा नियम. साबणामुळे सुई कापडातून सरकतेही छान.

यातून गणित कसं आलं

त्रिकोणाचं वरचं टोक वहीच्या कोपऱ्यात ठेवायला लावलं. बरोबर बसलं! म्हणजे काटकोन. मग विचारलं, "मध्यावर चारच त्रिकोण का मावले? पाच का नाही?" मुलांनी पाचवा बसवून बघितला, चढला. चार काटकोन मिळून एक पूर्ण फेरी होते, हे फळ्यावर सांगून ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही इथे कळलं.

दुसरा प्रश्न एका मुलानेच विचारला. "सर, एवढा मोठा चौकोन होता, बाकीचं कापड गेलं कुठं?" त्रिकोण उलगडून पदर मोजायला लावले. चार निघाले. म्हणजे त्रिकोणाने चौकोनाची पाव जागा घेतली. पाव म्हणजे एक छेद चार, ते मुलांनी बोटांनी मोजलं.

भाषेच्या तासाला प्रत्येकाने 'चांदणी कशी करावी' याच्या सूचना स्वतःच्या शब्दांत लिहिल्या. आणि भेटीसोबत दोन ओळींची चिठ्ठी. चिठ्ठ्या मी वाचल्या नाहीत. त्या माझ्यासाठी नव्हत्या.

भेटी कुणाला गेल्या

सुट्टीच्या आदल्या दिवशी विचारलं, कोण कुणाला देणार? बहुतेकांनी आईला, बहिणीला भाऊबीजेला, मामाला असं सांगितलं. 'पोरींचं काम' म्हणणारा मुलगा म्हणाला, "आजोबांना. ते आधी गोधडी शिवायचे." त्याच्या घरी शिवणारे आजोबा होते आणि तोच शिवणाला हसत होता!

जांभळ्या दोन्ही चांदण्या पूर्ण झाल्या. फार सुबक नव्हत्या. एकीचा एक त्रिकोण थोडा तिरका बसला होता. मी म्हणालो, "उसवून नीट लावू या का?" ती म्हणाली, "नको. तीच आईला देते, म्हणजे ओळखू येईल."

दिवाळीनंतर तिचे आई-वडील कारखान्यावर गेले. ती आजीजवळ राहिली आणि शाळेत आली. तिची चांदणी दप्तराच्या चेनला बांधलेली होती. वर्षभर तिथेच होती.

चैत्रात टोळ्या परतल्या. तिची आई एक दिवस शाळेवरून जाताना थांबली. चांदणी कोपीच्या दारावर बांधली होती म्हणे. मी विचारलं, "राहिली का नीट?" ती म्हणाली, "धुरानं काळी झाली सर. पन टाका उसवला नाही." एवढं बोलून निघाली. तिच्या अंगावर तीच जांभळी साडी होती. निऱ्या मी मोजल्या नाहीत.

तर मित्रांनो, हा उपक्रम तुम्हीही नक्की करून बघा. तीन-चार तासिका लागतात, खर्च नाही, मुलं रमतात, गणित आणि भाषा दोन्ही येतं. मुलांच्या हातची वस्तू दिवाळीत कुणाच्या तरी दारावर लागते, याचा आनंद वेगळाच. फक्त साहित्याच्या यादीत 'घरून जुने कापड आणा' असं लिहू नका. कापड आपणच टेलरकडून आणा. आणि जमलं तर एक दिवस मुलांच्या आयांना, आज्यांना वर्गात बोलवा. घडी आपण शिकवू, पण ती टिकवायचा टाका त्यांच्याकडे आहे.